इन्सुलिनोमा: ऑपरेशन, आरएफए की नुसत्या गोळ्या?

इन्सुलिनोमा म्हणजे स्वादुपिंडातली जास्तीचं इन्सुलिन सोडून शुगर पाडणारी गाठ. ती ऑपरेशनने काढायची की आरएफएने (सुईने आतच जाळून) संपवायची यावर डोकं लावण्याआधी एक बघा, निदान रक्तावरून पक्कं झालंय ना, की सीटीत ठिपका दिसला म्हणून पळापळ चाललीय. खरी टेस्ट म्हणजे ॲडमिट होऊन ७२ तासांपर्यंतचा उपास, तो घरी करून बघायचा नाही. पेशंटला दरदरून घाम फुटतो, साधी वजाबाकी विचारली तर नुसता बघत बसतो, त्याच वेळी घेतलेलं रक्त महत्त्वाचं: शुगर ५५ mg/dL च्या खाली आणि तरी इन्सुलिन ३ µU/mL च्या वर, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय याची खूण) ०.६ ng/mL च्या वर. आणि ग्लुकोमीटरवर जाऊ नका, लॅबचाच आकडा धरा. सल्फोनिलयुरियाची तपासणीही हवीच, कारण डायबेटीसची ती गोळी चुकून पोटात गेली तरी आकडे सेम असेच येतात!

मग गाठ शोधणं. बहुतेक गाठी २ सेंमीपेक्षा लहान, त्यामुळे सीटी-एमआरआय क्लिअर आला तरी निश्चिंत होऊ नका, एंडोस्कोपिक सोनोग्राफीत (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) सापडते कधीकधी.

आता मुख्य मुद्दा. सुमारे ९०% गाठी कॅन्सरच्या नसतात, एकच गाठ असेल तर ऑपरेशनने विषय संपतो आणि काढलेली अख्खी गाठ तपासायला मिळते, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. गाठ स्वादुपिंडाच्या मुख्य नळीपासून २-३ मिमी तरी लांब असेल तर तेवढीच सोलून काढता येते, नळीला चिकटलेली असेल तर बहुधा स्वादुपिंडाचा शेपटाकडचा किंवा डोक्याकडचा भाग कापावा लागतो, आणि ऑपरेशननंतरचा मोठा त्रास म्हणजे पाचकरस गळत राहणं. आरएफएत तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या भिंतीतून सुई गाठीत नेतात आणि ती जाळतात, पोटावर टाका नाही, पण गाठ आतच राहते, कधी परत करावं लागतं, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, शिवाय बऱ्याच वर्षांनंतर काय होतं याचा अनुभव अजून कमीच आहे.

राहिली औषधं. डायझॉक्साइड, म्हणजे इन्सुलिन कमी सुटावं म्हणून द्यायचं औषध, हे ऑपरेशनपर्यंत तग धरायला किंवा दुसरं काहीच झेपणार नसेल तर, अंगावर सूज येते, केस वाढतात. ऑक्ट्रिओटाइड हे इन्सुलिन दाबणारं दुसरं औषध मात्र जपून, ते ग्लुकागॉनही (शुगर वाढवणारं हार्मोन) दाबतं म्हणून काहींची शुगर उलट आणखी पडते.

तब्येत धडधाकट असेल तर मी पोटावर छोटी भोकं पाडून करायचं दुर्बिणीचं ऑपरेशनच म्हणेन, हृदय कमजोर किंवा वय फार असेल तर आरएफए. एमईएन-१ (अनेक ग्रंथींत गाठी होणारा आनुवंशिक आजार) असेल तर गाठी अनेक असतात, तिथे हा हिशोब चालत नाही. सर्जनकडे गेलात की आधी विचारा, नळीपासून गाठ किती मिमी लांब आहे?