'कांपो' म्हणून दिलेलं स्टेरॉइड

जपानमध्ये स्टेरॉइड मलमांचे जोरानुसार पाच वर्ग आहेत. क्लोबेटासोल सगळ्यांत जहाल वर्गातलं. (आपल्याकडे गोरं व्हायला लोक हेच चोळतात, त्यामुळे नाव ओळखीचं वाटेल.) 2014 मध्ये योकोहामातल्या एका दवाखान्याचं 'कांपो क्रीम' (कांपो म्हणजे जपानची पारंपरिक जडीबुटीची औषधं) तपासलं, तर त्यात हेच निघालं. एक्झिमाच्या रुग्णांना ते बिनस्टेरॉइडचं म्हणून दिलं जात होतं. स्टेरॉइड नको म्हणून लांबची वाट धरणारेच त्यात अडकले.

अडकायला होतं, कारण गुण येतो. दोन-चार दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. डबी संपली की त्वचा आधीपेक्षा जास्त भडकते आणि माणूस दुसरी डबी आणतो. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं. जडीबुटीचं मलम इतक्या झटपट काम करत नाही. शंका तिथेच घ्यावी.

जपानच्या सरकारी विम्यात बसणाऱ्या 148 कांपो औषधांत लावायचं मलम एकच, शिउन्को. शिकोन आणि तोकी ही मुळं तापलेल्या तिळाच्या तेलात उतरवतात, मग मधमाश्यांचं मेण आणि थोडी डुकराची चरबी. शाकाहारी घरांनी हे आधी पाहावं. रंग गडद जांभळा, अभ्र्याला लागला तर सहज निघत नाही, आणि वासही चांगलाच येतो. दुसरं कांपो मलम, पिवळं चुओको, दुकानात मिळतं. पांढरंशुभ्र, बिनवासाचं क्रीम कोणी 'कांपो' म्हणून पुढे केलं तर त्यात काय आहे ते लेखी मागा.

दुकानातल्या खोक्यावर 'इयाकुहिन' (औषध) हा शब्द, घटक, उत्पादक आणि बॅच नंबर हवा. दवाखान्यात विम्याबाहेर, रोखीने, कोऱ्या डबीत मिळत असेल तर नाव आणि घटक 'ओकुसुरी तेचो'त, म्हणजे औषधांच्या वहीत, लिहून मागा. टाळाटाळ झाली तर घेऊ नका. औषधाच्या दुष्परिणामांसाठी जपानमध्ये सरकारी भरपाई योजना आहे, पण ती मान्यताप्राप्त औषधांपुरती. परवान्याशिवायच्या किंवा स्वतः परदेशातून मागवलेल्या औषधाला ती लागू नाही.

आधीच वापरत असाल तर डबी फेकू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका, विशेषतः लहान मुलांचं. डबी घेऊन दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते पायरीपायरीने उतरवतील. तक्रारीसाठी जपानमध्ये 188 लावा, फोन जवळच्या ग्राहक केंद्राला जोडला जातो. पावती आणि उरलेलं क्रीम जपून ठेवा, तपासणीला तेच लागतं.