जहाजाच्या प्रतिकृतीला फळ्या कशाच्या: सागवान की हळदू?

आराखडा मोठा करून झाला, कणा बसला, फासळ्या उभ्या राहिल्या, की पुढचा प्रश्न अंगावर चढवायच्या पट्ट्यांचा. जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या माणसापुढे माझ्या मते खरे पर्याय दोनच आहेत: सागाचं लाकूड आणि हळदूचं. शिवण या झाडाचं लाकूडही मिळतं, कोरीवकामाला ते छानच. पण मिलिमीटरभर जाडीची पट्टी काढली की तिची कड मऊ पडते, म्हणून ते मी इथे धरत नाही.

सागाची बाजू भक्कम आहे, म्हणून आधी तीच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली नावाजलेली जहाजं सागाची. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली, 1817 साली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तिचे पहिले आराखडे घेऊन येणारं ‘जावा’ जहाज 1812 च्या डिसेंबरात अमेरिकनांशी लढताना गेलं, तेव्हा आराखडे दुसऱ्यांदा पाठवावे लागले होते. असं जहाज करायला घेतलं की प्रतिकृतीही सागाचीच हवी असं वाटणारच, आणि त्यात गैर काही नाही. शिवाय साग आपल्या दारात आहे. नवापूरकडचा नवा घ्या, नाहीतर एखादं धाब्याचं घर उतरवताना निघालेले खांब घ्या. जुना खांब इतका मुरलेला असतो की वैशाखात पारा 45 च्या वर गेला तरी त्याची पट्टी फारशी हलत नाही. या एका गुणात हळदू त्याच्या जवळपासही येत नाही.

तरी मी साग सोडला, तो त्याच्या छिद्रांपायी.

सागाच्या प्रत्येक वर्षाच्या वाढीत सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग असते. दरवाजावर तीच सुंदर नक्षी दिसते. पण एक छिद्र पाव मिलिमीटरच्या आसपास धरा आणि 1:72 च्या प्रमाणात त्याचा हिशोब करा: खऱ्या जहाजावर ते 18 मिलिमीटरचं भोक झालं. म्हणजे फळीत बोट जाईल एवढी भोकं, आणि तीही हजारोंनी. तेवढ्यावर मी कदाचित भागवून घेतलं असतं, पण हीच रांग पट्टी वाकवताना नडते. ‘त्रिंकोमाली’ची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पाण्यापाशी चांगली फुगीर आहे. तिथे पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी गरम पाण्यात भिजवून, चिमट्यांनी धरून हळूहळू दाबत आणायची. पट्टी सगळं वळण नीट घेते, आणि अगदी शेवटी, कण्याच्या खाचेत टोक बसवताना, छिद्रांच्या रांगेवर उभी चिरते. आवाजही होत नाही. पातळशी केसासारखी रेघ दिसते आणि बोटाने दाबली की उघडते. रेषा सरळ धावणारं लाकूड निवडलं तर हे कमी होतं, बंद होत नाही.

रंगाखाली झाकेल म्हणावं, तर तेही नाही. काळ्या रंगाखाली छिद्रं उलट जास्त उठून दिसतात. भराव घालून, घासून, पुन्हा भराव घालायला लागतो. तेलकटपणामुळे गोंद धरत नाही ही तक्रार मात्र मला फार मोठी वाटत नाही. चिकटवण्याआधी थिनरने पुसलं की फेविकॉल धरतो. रंध्याची धार लवकर जाते, तेही खरं.

हळदू, काहीजण याला हेद म्हणतात, हे याच ठिकाणी वेगळं पडतं. पूर्वी मोजपट्ट्या, कंगवे, गिरण्यांची बॉबिनं याची व्हायची, ती त्याच्या बारीक पोतामुळे. कापलेल्या टोकावर नव्या ब्लेडने एक पातळ काप घ्या आणि उजेडात धरा: छिद्रांची रांग नाही, वर्षाची रेघही जवळजवळ नाही. पट्टीची कड कोरी राहते, दोन पट्ट्यांमधली सांध हीच काय ती रेष दिसते, आणि तीच तर दाखवायची असते. नाळेच्या वळणावरही माझा अनुभव चांगला आहे. रंग आधी हळदीसारखा, पुढे उजेडाने तांबूस होत जातो. मला तो आवडतो, तुम्हाला कदाचित नाही आवडणार.

दोष आहेत. वखारीत सहज मिळत नाही, विचारत फिरावं लागतं. कीड लागू शकते. आणि आपल्या हवेत ते हलतं: आषाढात चिकटवलं तर मे महिन्यात सांधी उघडतात, मे महिन्यात चिकटवलं तर पावसाळ्यात पट्ट्या फुगून एकमेकींना ढकलतात. म्हणून पट्ट्या कापून एक उन्हाळा आणि एक पावसाळा नुसत्या पडू द्याव्यात, आणि फळ्या चढवायचं काम दिवाळी ते होळी एवढ्या काळात उरकावं. एवढा धीर धरायचा नसेल तर साग घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. प्रमाण 1:24 सारखं मोठं असेल, एखादं कोकणी गलबत वगैरे, तर छिद्रंही तितकी खुपत नाहीत.

दोन्ही थोडं थोडं वापरायचं असेल तर तशी सोय ‘त्रिंकोमाली’तच आहे. अशा लढाऊ जहाजांचा पाण्याखालचा भाग तांब्याच्या पत्र्याने मढवलेला असे. तिथे पत्रा लावणार असाल तर त्याखाली साग खुशाल लावा, कण्यालाही सागच घ्या. पाण्याच्या रेषेवरच्या पट्ट्यांसाठी मात्र हळदू शोधायला निघा.