रिसीव्हरची पाठ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

गेल्या दिवाळीत नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये 5.1 साउंड सिस्टीम (पाच स्पीकर आणि जड, घुमणाऱ्या आवाजासाठी एक सबवूफर) बसवून घेतली. 1,18,000 रुपये गेले. आम्हाला फसवणारा माणूस अजूनही नव्या सोसायट्यांमधून कामं घेतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

हॉलमध्ये पीओपीचं काम चालू होतं, पीओपीवाल्यानेच त्याला आणलं. बोलायला गोड. "ताई, शोरूममध्ये हाच सेट दीड लाखाला आहे, आपल्याकडे डायरेक्ट माल येतो." पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "18 टक्के जीएसटी वाढेल, उगाच कशाला? वॉरंटीला मी आहे ना." सासरे म्हणत होते, बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मी ऐकलं नाही.

रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं मुख्य यंत्र, आला तो खोक्याशिवाय, "टेस्टिंग करून आणलाय" म्हणून. टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात सरकवला, वायरी जोडल्या, शेजारी एक जड लोखंडी डबा ठेवला आणि पुढे फळी लावून टाकली. डबा कसला विचारलं, तर स्टॅबिलायझर म्हणाला. डेमोला पाचही स्पीकर खणखणीत वाजले. त्याने 'ऑल चॅनल स्टिरिओ' लावलं होतं, हे आता कळतंय. त्यात एकच गाणं सगळीकडून सारखं वाजतं, ते सराउंड नव्हे. सराउंडमध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात आणि मागून पाऊस, गर्दी, टाळ्या असे आजूबाजूचे आवाज. रिसीव्हरच्या मेनूत टेस्ट टोन असतो, एकेका स्पीकरमधून क्रमाने खरखर ऐकू येते. तो लावायला सांगितला असता तर मागचे डावा-उजवा उलटे जोडलेत हे तिथेच कळलं असतं.

सात महिन्यांनी एका संध्याकाळी जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. त्याचा फोन लागेना. रिसीव्हर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलाने चालू करूनही बघितला नाही. फिरवला आणि पाठीवरच्या पट्टीवर बोट ठेवलं: एसी 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. "मॅडम, हा अमेरिकेतला सेट आहे. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ लागतं. सिरियल नंबर इंडियाचा नाही, वॉरंटी मिळणार नाही."

तो लोखंडी डबा म्हणजे 230 चे 110 व्होल्ट करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर होता. रिसीव्हरच्या पट्टीवर 430 वॅट, ट्रान्सफॉर्मर 300 वॅटचा, म्हणजे अपुरा, आणि दोन्ही बंद कप्प्यात, जिथे वारा फिरायला जागा नाही. माझी मुलगी त्याच युनिटसमोर बसून अभ्यास करते. वास आला तेव्हा आम्ही घरात होतो म्हणून मेन स्विच पाडता आला. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

मग वायरही तपासली. "प्युअर कॉपर" म्हणून मीटरवर पैसे घेतले होते. एक तार ब्लेडने खरवडली तर वर तांबडा मुलामा, आत पांढरी ॲल्युमिनियम. बाजारात हिला सीसीए (कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम) म्हणतात. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि ती हलकी, ठिसूळ असते. स्पीकर तिच्यावर वाजतात, पण भाव तांब्याचा घेतला ही फसवणूकच. शंका असेल तर वेटोळं छताच्या आत जाण्याआधी टोक खरवडून बघा. कथील लावलेली तांब्याची तार वरून पांढरी दिसते, पण आत लालच असते.

कच्च्या बिलाचं म्हणाल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सुदैवाने 80,000 रुपये यूपीआयने दिले होते, त्याची नोंद आहे, आणि "वॉरंटीला मी आहे" हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेजही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. रोखीने दिलेल्या 38,000 चा मात्र माझ्याकडे कसलाच कागद नाही.

तुमच्याकडे असा सेट आधीच बसला असेल तर आज मेन स्विच बंद करून रिसीव्हर बाहेर ओढा आणि टॉर्च लावून पाठीवरची पट्टी वाचा. 120 व्होल्ट लिहिलेलं असेल तर शेजारचा डबा किती वॅटचा आहे ते बघेपर्यंत परत चालू करू नका.