मुरुमांच्या खड्ड्यांसाठी सुया : घरचा रोलर, तालुक्याचे पार्लर की त्वचारोगतज्ज्ञ?

मुरूम गेले, पण गालावर खड्डे राहिले, आणि तुळशीच्या लग्नानंतर स्थळे पाहायला सुरुवात होणार, अशा वेळी यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या मुलीपुढे हल्ली तीन वाटा असतात. मोबाइलवरून मागवलेला डर्मारोलर (बारीक सुया बसवलेला, चेहऱ्यावर फिरवायचा छोटा रोलर), तालुक्याच्या पार्लरमधले मायक्रोनीडलिंग म्हणजे यंत्राने सुया टोचणे आणि अमरावती-नागपूरकडच्या त्वचारोगतज्ज्ञांचा उपचार या त्या वाटा. तिन्हींमागची कल्पना एकच आहे : बारीक सुयांनी त्वचेला मोजक्या जखमा केल्या की त्या भरताना नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, तयार होते आणि खड्डा उथळ होतो.

घरच्या रोलरची सुई साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते, तर खड्ड्यांसाठी डॉक्टर बहुधा १.५ ते २.५ मिलिमीटरपर्यंत जातात. त्यामुळे घरच्या रोलरने खड्डे भरतील ही आशा फोल आहे, आणि लांब सुयांचा रोलर मागवून स्वतःच्या हाताने फिरवणे तर सरळ धोक्याचे आहे. तो फिरताना सुया तिरप्या शिरतात, बोथट झाल्या की त्वचा फाडतात, आणि घरी तो खऱ्या अर्थाने निर्जंतुक होत नाही. दोघी बहिणींनी एकच रोलर वापरणे म्हणजे हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीला वाट देणे होय.

पार्लरमध्येही हाच प्रश्न उरतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात स्वतःचेच रक्त वापरून केलेल्या सुयांच्या फेशियलनंतर एका स्पाच्या ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये नोंदवले. म्हणून सीलबंद सुया आपल्या डोळ्यांसमोर उघडल्या जात नसतील तर तिथून उठावे, त्यात संकोच नको. टोचल्यानंतर लगेच व्हिटॅमिन सीचे सिरम चोळण्याची पद्धतही टाळावी, कारण सुयांवाटे आत गेलेल्या अशा द्रव्यांमुळे त्वचेत गाठी आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

डॉक्टरांकडे तीन ते सहा बैठका लागतात आणि दोन बैठकांत चार ते सहा आठवडे जावे लागतात, म्हणजे एसटीच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरीही हिशेबात धरावी. तरीही खड्डे पुसले जात नाहीत; अरुंद आणि खोल खड्ड्यांवर तर परिणाम कमीच दिसतो. लेझरच्या तुलनेत साध्या सुयांत उष्णता नसल्याने आपल्या सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका कमी असतो. मात्र सुयांतून रेडिओ लहरींची उष्णता देणारे यंत्र वेगळे : त्याने भाजणे, वण आणि मज्जातंतूंना इजा झाल्याच्या तक्रारींबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये इशारा दिला आहे. यंत्र कोणते, हे आधी विचारावे.

चेहऱ्यावर अजून पिकलेले मुरूम असतील, जखमेवर जाड गाठाळ वण उठत असेल, कोड किंवा सोरायसिस असेल, साखर आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल किंवा गर्भारपण असेल, तर हा उपचार करू नये किंवा डॉक्टरांनी तपासून सांगितले तरच करावा. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी आणि सिकलसेल हा रक्ताचा आजार यांविषयीही आधीच सांगावे. गोरेपणासाठी मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची मिश्र क्रीम महिनोन्‌महिने लावली असेल तर त्वचा आधीच पातळ झालेली असते. ही गोष्ट मुली लाजेने सांगत नाहीत, पण ती सांगायलाच हवी.

आपल्याकडे खरी अडचण ऋतूंची आहे. पावसाळ्यात कपाशीवर फवारणी असते, आणि ताज्या टोचलेल्या त्वचेवर औषधाचे शिंतोडे उडणे मला अजिबात मान्य नाही. पुढे वेचणीचे दिवसभराचे ऊन आणि मार्चनंतर चाळिशी ओलांडणारा पारा येतो, आणि ऊन लागले की डाग काळे पडतात. त्यामुळे वेचणी आटोपल्यावर डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करून फेब्रुवारीअखेरपर्यंत दोन-तीन बैठका घ्याव्यात आणि उरलेल्या पुढच्या हिवाळ्यावर सोडाव्यात. कोलॅजन तयार व्हायला काही महिने लागतात, म्हणून लग्न दोन महिन्यांवर आले असेल तर सुया नकोतच. तोवर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवून मुरूम थांबवण्याचे औषध सुरू करावे आणि शेतात जाताना चेहऱ्यावर सनस्क्रीन व ओढणी ठेवावी.