प्रसूती रजा : कंपनीने ठेवलेले तीन प्रस्ताव आणि त्यांचा हिशोब

नवी मुंबईतील महापे येथील एका कंपनीत काम करणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला सहावा महिना लागला, त्याच आठवड्यात एचआरने तिला बोलावून तीन प्रस्ताव सांगितले आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितले. पहिला, 26 आठवड्यांची भरपगारी रजा आणि त्यानंतर आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात हजेरी. दुसरा, 16 आठवडे रजा आणि पुढचे 26 आठवडे पूर्ण पगारावर घरून काम. तिसरा, आत्ताच राजीनामा, तीन महिन्यांचा पगार एकरकमी आणि वर्षभराने जागा असल्यास परत घेण्याचे आश्वासन. हे सगळे तोंडी होते. त्या रात्री कळव्याच्या घरी आम्ही दोघी तिच्या सॅलरी स्लिप पसरून बसलो. ज्यांच्यासमोर असाच निर्णय आहे, त्यांना उपयोगी पडावा म्हणून तो हिशोब येथे मांडत आहे.

तुलनेला बसण्यापूर्वी हक्क कोणता आणि सवलत कोणती, हे वेगळे केले पाहिजे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने ही रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आली आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असणे, ही मुख्य अट आहे. 26 पैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन अपत्ये हयात असतील तर मात्र रजा 12 आठवड्यांचीच मिळते. यापेक्षा कमी देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही, जास्त देणारा टिकतो. म्हणजे पहिल्या प्रस्तावातील 26 आठवडे ही कंपनीची मेहेरबानी नाही आणि त्याच्या बदल्यात आपण काही सोडण्याचे कारणही नाही.

तिसऱ्या प्रस्तावाचा निकाल लवकर लागला. जावेचा पगार 60,000 रुपये आणि मूळ वेतन 30,000 रुपये आहे. तीन महिन्यांचे 1,80,000 रुपये हातात घेताना ती जवळपास सहा महिन्यांच्या वेतनाचा हक्क सोडणार होती. शिवाय तिच्या नोकरीला 4 वर्षे 8 महिने झाले आहेत. प्रसूती रजेचे 26 आठवडे ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे पाच वर्षांच्या सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, सलग सेवेत धरले जातात, त्यामुळे रजेवर असतानाच तिची पाच वर्षे पूर्ण होतात आणि मूळ वेतन गुणिले 15 भागिले 26 गुणिले पाच वर्षे या सूत्राने ती रक्कम 86,500 रुपयांच्या आसपास जाते. राजीनामा दिल्यास तीही गेली आणि समूह आरोग्य विम्यातील प्रसूतीचे संरक्षणही ऐन गरजेच्या वेळी गेले. गरोदरपणात कंपनीने काढून टाकले, तर गंभीर गैरवर्तनाचा अपवाद सोडून प्रसूती लाभ, म्हणजे रजेचे वेतन, बुडत नाही. स्वतःच्या सहीचा राजीनामा मात्र आपल्याला त्या संरक्षणाबाहेर नेतो. कंत्राट संपत आहे म्हणून लाभ मिळणार नाही, असे ज्यांना सांगितले जाते त्यांनीही घाई करू नये. लाभाचा काळ कंत्राटाच्या मुदतीपलीकडे जात असला तरी तो द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरा प्रस्ताव ऐकायला सर्वांत गोड वाटतो आणि म्हणूनच त्यावर अधिक वेळ दिला पाहिजे. 16 आठवड्यांनंतर घरून काम सुरू केले, तर सतराव्या ते सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचा पगार रजेचा राहत नाही, तो काम करून मिळवलेला होतो. मंजूर रजेच्या काळात काम केल्यास त्या काळापुरता प्रसूती लाभाचा हक्क जातो, असे कायदाच म्हणतो. काम न करता जे पैसे मिळाले असते, तेच पैसे दहा आठवडे राबून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

मी तो 2018 साली ऐरोलीतील एका कंपनीत स्वीकारला होता. मुलगा चार महिन्यांचा होता. दुपारी तीनच्या कॉलला तो डाव्या हातावर अंगावर पीत असायचा आणि मी उजव्या हाताच्या दोन बोटांनी आकडे भरत असायचे. एकदा साहेबांनी कॅमेरा सुरू करायला सांगितले, तेव्हा मी त्याला अंगावरून सोडवून पलंगावर ठेवले, ओढणी नीट केली आणि तो रडत असताना पंचवीस मिनिटे बोलले. घरून काम म्हणजे बाळ सांभाळण्याची सोय, असे समजणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. सांभाळणारे माणूस घरात हवेच. पुढे आठव्या आठवड्यात टीमची गरज आहे म्हणून मला कार्यालयात बोलावले गेले. ठरलेले काहीच लेखी नसल्यामुळे मला दाद मागता आली नाही.

तरीही दुसऱ्या प्रस्तावात तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाळ असलेल्या घरात राहण्याचे आठवडे मोजले, तर तेथे 42 भरतात आणि पहिल्या प्रस्तावात 26. बदलापूर किंवा टिटवाळ्याहून येऊन ठाण्याला गाडी बदलणाऱ्या आणि नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर सकाळच्या वाशी लोकलसाठी उभ्या राहणाऱ्या आईला हा फरक चांगलाच कळतो. मात्र रजा संपल्यावर कामाच्या स्वरूपानुसार आणि परस्पर संमतीने घरून काम करण्याची मुभा कायद्यातच नमूद आहे, आणि ती रजेच्या बदल्यात नसून रजेच्या पुढची आहे. म्हणून आम्ही चौथा पर्याय तयार केला : 26 आठवडे रजा आणि त्यापुढे 16 आठवडे घरून काम. आठवडे तेवढेच, 42. कंपनीला जे दहा आठवड्यांचे काम सोडावे लागते, त्यावर कंपनीचा हक्क मुळात नव्हताच.

पहिला प्रस्ताव सुरक्षित असला तरी तो जसा आला तसा स्वीकारू नये. ‘भरपगारी’ या शब्दावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. लाभ मागील तीन महिन्यांच्या सरासरी दैनिक वेतनावर ठरतो आणि नव्या संहितेतील वेतनाच्या व्याख्येत घरभाडे भत्ता धरलेला नाही. दरमहा खात्यात येणारी रक्कम रजेतही तीच राहील, असे लेखी घ्यावे. 26 आठवडे म्हणजे रविवार धरून 182 दिवस. सुट्टीचे दिवसही मोजायचे, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच निकालात काढला आहे.

परतल्यानंतरच्या वेळांबाबतही आधीच बोलावे. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान विश्रांती मिळतात. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर बंधनकारक असून दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. महाप्याच्या कंपनीचे पाळणाघर वाशीत असेल, तर हा हक्क कागदावरच राहतो, म्हणून पत्ता विचारून घ्यावा. रात्री साडेनऊनंतरच्या पाळीला महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रीची संमती लागते, हेही एचआरला नम्रपणे लक्षात आणून द्यावे.

ज्यांचा पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांची राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांना 26 आठवड्यांचे पैसे मालकाकडून नव्हे तर महामंडळाकडून मिळतात. त्यासाठी मागील दोन वर्गणी कालखंडांत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) किमान 70 दिवसांची वर्गणी जमा झालेली असावी लागते. तेथे पगाराची घासाघीस नसते. कंत्राटदाराने कापलेली रक्कम खरोखर भरली आहे ना, एवढे वेळेत तपासायचे असते.

जावेने रविवारी संध्याकाळी ईमेल पाठवला. तिन्ही तोंडी प्रस्तावांची नोंद, 26 आठवड्यांची मागणी, 16 आठवडे घरून काम, एकूण मासिक रक्कम कायम आणि पाळणाघराचा पत्ता, एवढेच त्यात होते. गुरुवारी उत्तर आले. रजा आणि रक्कम मान्य झाली, घरून काम 12 आठवड्यांचे देऊ केले आणि पाळणाघराविषयी काहीच लिहिले नव्हते. तिने 12 आठवडे स्वीकारले आणि पाळणाघराचा प्रश्न त्याच ईमेलखाली पुन्हा विचारला आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती तारखेच्या तीन आठवडे आधी रजेवर जाणार आहे. उरलेले 23 आठवडे तिने बाळासाठी राखले आहेत.