लग्नपूर्व शिबिरातलं ‘जीवनाचं पावित्र्य’ सत्र, कोल्हापूर: साडेतीन तारे

कोल्हापुरातल्या एका कॅथलिक पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) लग्नपूर्व शिबिरातलं हे सत्र. गर्भपाताबद्दलची शिकवण फादर घोळवत बसत नाहीत: गर्भधारणेच्या क्षणापासून जीव जपायचा, थेट गर्भपात साध्य असो वा साधन, गंभीर पाप. संदर्भ नेमके देतात, कॅटेकिझमचे, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचे, परिच्छेद 2270 ते 2275.

सगळ्यात कसदार भाग नळीतल्या, म्हणजे गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजलेल्या, गर्भाचा. गर्भ असलेली रोगट नलिका काढणं वेगळं आणि गर्भालाच लक्ष्य करणं वेगळं. पहिल्यात गर्भाचा मृत्यू दिसत असतो, पण तो हेतू नसतो. अशा गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्झेट इंजेक्शनवर कॅथलिक नीतितज्ज्ञांतच मतभेद आहेत, हेही लपवलं नाही. मानलं!

घोटाळा होतो तो दंडावर. ‘गर्भपात केला की आपोआप बहिष्कृत’ एवढंच सांगून पुढे जातात. खरं तर कॅनन कायद्यात (चर्चच्या स्वतःच्या कायद्यात) 18 वर्षांखालची मुलगी किंवा अशा दंडाची माहितीच नसलेली, तीही स्वतःच्या दोषाविना, अशी व्यक्ती आपोआप बहिष्कृत होत नाही. शिवाय या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. पाठीवर ओझं घेऊन बसलेल्या बाईला नेमकं हेच ऐकायचं असतं.

गर्भलिंगनिदानाला जेमतेम दोन वाक्यं. 2001 च्या जनगणनेत दर हजार मुलांमागे 839 मुली मोजलेल्या या जिल्ह्यात हे फारच थोडं झालं. हातात दिलेली पत्रकं इंग्रजीत, का कोण जाणे. प्रश्न चिठ्ठीवर निनावी विचारता येतात. दंडाचा प्रश्न त्यातच टाका.