दिएंग की तावांगमांगू: मध्य जावाच्या डोंगरात होमस्टेसाठी घर घेताना

माझी सासुरवाडी इंडोनेशियातल्या सोलो शहरातली. त्यामुळे मध्य जावात थंड हवेच्या जागी छोटेसे घर घ्यायचे आणि त्यातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या असे ठरले, तेव्हा चर्चेत नावे दोनच होती. पत्नीचा कल पहिल्यापासून तावांगमांगूकडे होता, माझा दिएंगकडे.

दिएंगने मला का ओढले ते सांगतो. साधारण २,००० मीटर उंचीवरचे पठार, धुक्यात उभी असलेली आठव्या-नवव्या शतकातली शिवमंदिरे, आणि त्यांची नावे अर्जुन, भीम, घटोत्कच. ही नावे जावातल्या लोकांनी मागाहून दिलेली आहेत हे ठाऊक असूनही तिथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा अंगावर काटा आला होता. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे मंदिरांसमोरचे गवत गोठून पांढरे होते. गावकरी त्याला एंबुन उपस म्हणतात, म्हणजे विषारी दव, कारण त्याने बटाट्याचे पीक करपते. पर्यटक मात्र तेच बघायला लांबून येतात.

त्यामानाने तावांगमांगू साधे. लावू पर्वताच्या पश्चिम उतारावर, उंची दिएंगच्या जवळपास निम्मी, सोलोहून चाळीसेक किलोमीटर. ग्रोजोगान सेवूचा ८१ मीटरचा धबधबा, तिथली माकडे, सशाचे साते, म्हणजे काडीला लावून भाजलेले मांस, आणि रविवारची सोलोकरांची गर्दी. सुकुह आणि चेतो ही पंधराव्या शतकातली मंदिरे याच डोंगरावर आहेत, पण त्यांच्यासाठी म्हणून मुक्काम करणारे थोडेच.

विकत घेण्याआधी आम्ही दिएंगला वर्षभरासाठी घर भाड्याने घेतले आणि दोन खोल्या चालवून पाहिल्या. थंडी सोसली. लांब सुट्ट्यांत वोनोसोबोहून वर येणाऱ्या २६ किलोमीटरच्या एकुलत्या रस्त्यावर तासन् तास अडकून पडलो, तेही चालवून घेतले. निर्णय फिरला तो माश्यांमुळे.

पठारावर बटाटा वर्षभर कुठल्या ना कुठल्या वावरात लावला जातच असतो, आणि त्याला कोंबडीखत लागते. ते पोत्यांनी येते, रस्त्याकडेला थप्पी लावून ठेवतात, आणि त्याच्याबरोबर माश्या येतात. चढाच्या टोकापर्यंत जंगल तोडून शेते झाल्याने वरची माती पावसाबरोबर सेरायू नदीत वाहून जाते. जमीन उघडी पडली की खत आणखी घालावे लागते. शेतकऱ्यांना दोष देता येणार नाही. याच बटाट्याने तिथे पक्की घरे उभी राहिली आणि मुले शिकली. पण आपल्याला घर शेताला लागूनच मिळते, कारण तिथे शेताला लागून नाही असे घर सापडणे कठीण.

एका सकाळी जकार्ताहून आलेले कुटुंब न्याहारीला बसले होते. गरम तेंपे केमुलवर, म्हणजे पिठात घोळून तळलेल्या सोयाबीनच्या कापांवर, जाळी झाकलेली, आणि आजी डाव्या हाताने नातवाच्या वाटीवर टॉवेल हलवत उजव्या हाताने त्याला भरवत होत्या. वाटी संपेपर्यंत टॉवेल थांबला नाही. दोन रात्रींसाठी आले होते, एका रात्रीनंतर मातुर नुवुन, म्हणजे आभारी आहोत, म्हणत निघाले. तक्रारीचा एक शब्दही नाही. त्या दिवशी पत्नीने तावांगमांगूचा विषय पुन्हा काढला आणि मी वाद घातला नाही.

कमाईचे म्हणाल तर मोजमाप माझ्याकडे नाही, अनुभव आहे. दिएंगला माणूस सिकुनिर टेकडीवरचा सूर्योदय बघायला एकदा येतो. ऑगस्टमधला उत्सव, ईद आणि वर्षअखेर सोडली तर मधले दिवस आमच्या खोल्या ओसच असत. तावांगमांगूला येणारे सोलोचे कुटुंब दोन महिन्यांनी परत येते आणि तीच खोली मागते. भाडे कमी मिळते, पण दर शनिवारी मिळते.

कागदपत्रांत घाई करू नका. परदेशी नागरिकाला हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकीचा हक्क, मिळत नाही. दुसऱ्याच्या नावावर घेऊन बाजूला करार करण्याचा सल्ला कोणी देईल, पण १९६० च्या भूमी कायद्याने तो व्यवहार रद्दबातल ठरतो. जोडीदार इंडोनेशियन असेल तर संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार करून त्याच्या किंवा तिच्या नावावर घेता येते. हा करार लग्नानंतरही चालतो, असे तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. आम्ही तेच केले. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला शेतकरी असावे लागते, तिथे त्याच किंवा लगतच्या कचामातानमध्ये, म्हणजे तालुक्यासारख्या विभागात, राहावे लागते. दिएंगला आम्हाला दाखवलेले बहुतेक तुकडे शेतीचेच होते आणि काहींकडे गावदप्तरातला जुना उताराच होता. असे जुने पुरावे नोंदवून घ्यायला २०२१ च्या नियमाने पाच वर्षांची मुदत दिली होती, म्हणून प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय बयाणा देऊ नये. तावांगमांगूला प्रमाणपत्र असलेले घर तिसऱ्याच फेरीत मिळाले. कदाचित आमचे नशीब असेल.

धोका दोन्हीकडे आहे. दिएंगला २० फेब्रुवारी १९७९ रोजी सिनिला विवराजवळ जमिनीतून आलेल्या वायूने १४९ जण गेले. तावांगमांगूच्या लेदोकसारी भागात २६ डिसेंबर २००७ रोजी दरड कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. आम्ही घर निवडताना मागचा चढ भर पावसात दोनदा चालून पाहिला, शेजाऱ्यांना त्या डिसेंबरबद्दल विचारले, आणि दरीच्या कडेचे एक सुंदर घर त्यामुळेच सोडले. चढ डोळ्यांना दिसतो. वायू दिसत नाही.

तरीही ज्यांना वर्षातून मोजके महिनेच घर चालवायचे आहे, जे स्वतः तिथे राहणार आहेत आणि ज्यांना बटाट्याच्या गावात बटाटेवाल्यांसारखे राहता येईल, त्यांनी दिएंग जरूर पाहावे. फक्त मुक्काम ऑगस्टच्या उत्सवात करू नका. लावणीच्या दिवसांत आठवडाभर राहा आणि सकाळची न्याहारी अंगणात करून बघा.